पारोचा झोंग : किल्ला, मठ की कचेरी?

जुलै २०२५ मध्ये रायगड, राजगड, शिवनेरी, सिंधुदुर्ग यांच्यासह बारा किल्ल्यांचा मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला आणि तेव्हापासून आपल्याकडे किल्ल्यांविषयी पुन्हा जोरात बोलले जाऊ लागले. किल्ला जपायचा म्हणजे पडझड आहे तिथे थांबवायची, की पडलेले पुन्हा उभे करायचे, हा वाद त्या बोलण्यात हमखास निघतो. भूतानची सहल करून आलेली ओळखीची मंडळी या वादात एका वेगळ्याच कोड्याची भर घालतात. पारो नावाच्या गावात त्यांना ‘किल्ला’ म्हणून जी वास्तू दाखवली, तिच्या एका चौकात भिक्षू पाठ म्हणत होते, दुसऱ्या चौकात लोक कागदपत्रांच्या पिशव्या घेऊन साहेबांची वाट पाहत होते, आणि भिंती तर गेल्याच दिवाळीत रंगवल्यासारख्या पांढऱ्याशुभ्र होत्या. सतराव्या शतकातला किल्ला असा कसा असेल, हा प्रश्न रास्त आहे.

या लेखात तो पारोपुरता सोडवू. समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवरच्या या खोऱ्यात नांदता किल्ला, टेहळणीचा किल्ला, जळून गेलेला आणि पुन्हा उभा केलेला किल्ला, सातव्या शतकाशी नाते सांगणारे देऊळ आणि कड्याला चिकटलेला मठ हे सगळे एका दमात पाहता येते, म्हणून उदाहरणाला हे गाव सोयीचे आहे.

झोंग म्हणजे नेमके काय?

‘झोंग’ या शब्दाचा सरळ अर्थ किल्ला असाच आहे. पण भूतानमध्ये या शब्दाने किल्ल्याच्या तटाबाहेर बराच मुलूख व्यापला आहे. देशाच्या राष्ट्रभाषेचे नाव ‘झोंगखा’, म्हणजे झोंगात बोलली जाणारी भाषा. जिल्ह्याला तिथे ‘झोंगखाग’ म्हणतात आणि जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्याला ‘झोंगदा’. ज्या देशात भाषा, जिल्हा आणि जिल्हाधिकारी हे तिन्ही शब्द किल्ल्यावरून पडले आहेत, तिथे किल्ला ही केवळ लढाईची जागा नव्हती, एवढे आधीच ध्यानात यायला हरकत नाही.

ही व्यवस्था बसवणारे गृहस्थ म्हणजे झाबद्रुंग न्गावांग नामग्याल. त्यांचा जन्म १५९४ चा. तिबेटातील रालुंग मठाच्या वारशावरून वाद पेटल्यावर १६१६ मध्ये ते दक्षिणेकडे, म्हणजे आजच्या भूतानात आले. इथे प्रत्येक खोऱ्यात वेगळा सरदार होता, बौद्ध पंथांमध्ये आपापसांत चढाओढ होती आणि उत्तरेकडून तिबेटी फौजांची भीती कायम होती. अशा मुलखात सत्ता टिकवायची तर प्रत्येक खोऱ्याच्या मोक्याच्या जागी धान्य, हत्यारे, दप्तर आणि देव एकत्र सुरक्षित राहतील अशी वास्तू हवी होती. १६२९ मध्ये थिंफूजवळ सिमतोखा, १६३७ मध्ये पुनाखा आणि १६४६ मध्ये पारोचा रिनपुंग झोंग, असे एकेक खोरे त्यांनी बांधून घेतले. रिनपुंग म्हणजे रत्नांची रास.

कर तेव्हा वस्तूंच्या रूपात येई. तांदूळ, लोणी, कापड. त्यामुळे कोठार लागे, कोठाराचा हिशेब ठेवायला लिहिता-वाचता येणारी माणसे लागत आणि लिहिता-वाचता येणारी माणसे प्रामुख्याने मठात असत. एखाद्या तालुक्याची मामलेदार कचेरी, तिथले मोठे देवस्थान, सरकारी धान्य गोदाम आणि पन्हाळ्याचा तट हे सगळे एकाच वाड्यात आणून बसवले, तर झोंगाची कल्पना बऱ्यापैकी येईल.

खरे तर हे आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. आपल्याही गडांवर सदर होती, अंबारखाने होते, दप्तर होते. रायगडावर जगदीश्वर होता आणि बाजारपेठही होती. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, किल्ले इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि गडावरची ही कामे तिथून उठली. भूतानशी इंग्रजांचे १८६४-६५ मध्ये युद्ध झाले आणि पायथ्याचा दुआर प्रदेश त्यांनी घेतला, पण डोंगरातल्या खोऱ्यांवर त्यांचे राज्य कधी आले नाही. त्यामुळे झोंग रिकामे झाले नाहीत. झोंग म्हणजे रिकामा न झालेला किल्ला, एवढी एक गोष्ट मनाशी धरली, तर पारोत पडणारे बहुतेक प्रश्न तिच्यातून सुटतात.

भिंत, गेरू आणि दारे

आता रिनपुंगकडे पाहू. पारो नदीवरच्या छप्पर असलेल्या लाकडी पुलावरून पलीकडे गेले की चढ लागतो. जुना पूल १९६९ च्या पुरात वाहून गेला. आजचा नंतरचा आहे. चढताना भिंती पाहाव्यात. त्या खाली रुंद आणि वर निमुळत्या होत आत कललेल्या आहेत. दगड मातीच्या गाऱ्यात बसवलेला आहे, त्यामुळे एवढ्या उंचीच्या भिंतीला स्वतःचे वजन पेलायला हा कल लागतो. खालच्या मजल्यांना खिडक्या जवळपास नाहीत किंवा फटींएवढ्या आहेत, कारण तिथे कोठारे असत आणि शत्रूचा हात तिथवर पोहोचू शकत असे. वर जावे तसतशा खिडक्या मोठ्या होतात, लाकडी नक्षीने भरतात आणि शेवटच्या मजल्यावर तर सज्जासारख्या बाहेर येतात.

छपराच्या थोडे खाली, पांढऱ्या भिंतीवर गेरूचा एक रुंद पट्टा दिसतो. भूतानात घराघरांवर रंगीत नक्षी असते, परंतु हा पट्टा घरांना नसतो. आत देव आहे अशा वास्तूलाच तो असतो. आपण कळस पाहून देऊळ ओळखतो तसेच हे. मला तरी पारोत फिरताना सर्वांत उपयोगी पडलेली खूण हीच.

चौकाच्या मध्यभागी असलेल्या उंच मनोऱ्याला ‘उत्से’ म्हणतात. त्याला झोंगाचा बालेकिल्ला समजावे. फरक इतकाच, की त्याच्या पोटात राजवाडा नसून देवळे असतात. एका बाजूला जिल्ह्याची कचेरी आणि दुसऱ्या बाजूला भिक्षूंची वस्ती अशी वाटणी असते. कामासाठी आलेला भूतानी पुरुष गुडघ्यापर्यंतच्या ‘घो’ या पोशाखावर एक लांब उपरणे तिरके घेऊन येतो. सामान्य नागरिकाचे उपरणे पांढरे, मंत्र्याचे नारिंगी आणि राजाचे पिवळे असते. सातबारा काढायला जाताना धोतर-उपरणे सक्तीचे केले तर आपल्याकडे काय होईल, याची कल्पना करून मी थोडा हसलो. पाहुण्यांना हा पोशाख करावा लागत नाही, पण अंग झाकणारे कपडे हवेत, टोपी काढावी लागते आणि देवळाच्या आत छायाचित्र काढता येत नाही. देव, छोर्तेन म्हणजे स्तूप, आणि फिरती प्रार्थनाचक्रे नेहमी उजव्या हाताला ठेवून पुढे जायचे. प्रदक्षिणेची सवय असलेल्याला हे सांगावे लागत नाही.

बुद्धाच्या धर्मात एवढे देव आले कुठून?

ही शंका महाराष्ट्रातून गेलेल्या पाहुण्याला हमखास येते, आणि ज्यांची बौद्ध धम्माशी ओळख दीक्षाभूमीच्या वाटेने झाली आहे त्यांना तर अधिकच. उग्र चेहऱ्यांच्या मूर्ती, अनेक हात, ज्वाळा, कवट्यांच्या माळा हे सगळे पाहून आपण चुकीच्या ठिकाणी आलो की काय, असे त्यांना वाटते.

भूतानातला बौद्ध धर्म वज्रयान परंपरेतला आहे. मंत्र, ध्यान आणि गुरुदीक्षा यांच्या साहाय्याने मनाचे रूपांतर घडवण्यावर भर देणारी ही शाखा भारतातच वाढली आणि आठव्या शतकापासून हिमालयापलीकडे गेली. तिथल्या उग्र मूर्ती या बाहेरून येऊन शिक्षा करणाऱ्या देवता नव्हेत. राग, मोह, भीती या मनोवृत्तींना सामोरे जाण्याची ध्यानातली साधने म्हणून त्या मांडलेल्या असतात. हे पटो न पटो, निदान चित्र वाचता येते.

आणि नाते पूर्ण तुटलेलेही नाही. झोंगांच्या आणि मठांच्या दारालगत एक मोठे चक्र रंगवलेले असते, ज्याच्या मध्यभागी डुक्कर, साप आणि कोंबडा एकमेकांच्या शेपट्या धरून फिरताना दिसतात. अज्ञान, द्वेष आणि लोभ यांची ती चिन्हे आहेत. बाहेरच्या कडेला प्रतीत्यसमुत्पादाच्या, म्हणजे एका कारणातून पुढची गोष्ट उपजते या साखळीच्या, बारा कड्या असतात. हेच भवचक्र अजिंठ्याच्या १७ व्या लेण्याच्या ओवरीत, बऱ्याच पुसट अवस्थेत, आजही आहे. वेरूळच्या बाराव्या लेण्यात, तीन ताल म्हणतात तिथे, नऊ चौकटींत मधे बुद्ध आणि भोवती आठ बोधिसत्त्व असे मंडल कोरलेले आहे. पारोच्या भिंतींवरची रंगीत मंडले ज्याला अनोळखी वाटतात, त्याने परतल्यावर एकदा वेरूळला जाऊन यावे.

पारोजवळचे क्यिचू ल्हाखांग (ल्हाखांग म्हणजे देऊळ) हे झोंगांहून हजार वर्षांनी जुने मानले जाते. परंपरा सांगते, की सातव्या शतकात तिबेटचा राजा स्रोंगत्सेन गाम्पो याने हिमालयावर आडव्या पसरलेल्या एका राक्षसीला जागीच खिळवण्यासाठी एका दिवसात १०८ देवळे बांधली आणि क्यिचू तिच्या डाव्या पायावर आले. कथा म्हणून ती ऐकावी. एखाद्या राजसत्तेने डोंगराळ मुलखावर धर्माच्या खुंट्या कशा ठोकल्या, याचे ते एक चित्रही आहे. आतल्या मूर्तीसमोर साष्टांग नमस्कार घालणाऱ्यांच्या पावलांनी लाकडी जमिनीला खळगे पडले आहेत. अंधारात नजर स्थिरावल्यावर ते दिसतात, आणि बोटांनी चाचपले तर लाकूड तिथे तेल लावल्यासारखे गुळगुळीत लागते.

जळून पुन्हा बांधलेले ते जुने कसे?

सगळ्यांत कठीण प्रश्न हाच. पाटीवर १६४६ लिहिलेले असते आणि मार्गदर्शक दोन वाक्यांनंतर सांगतो, की झोंग १९०७ मध्ये जळाला. हे खरेच आहे. रिनपुंगने १८९७ चा भूकंप सोसला, पण १९०७ च्या आगीत जवळजवळ सगळे गेले. वाचले ते एक प्रचंड रेशमी पटचित्र. अशा चित्राला ‘थोंगड्रोल’, म्हणजे नुसत्या दर्शनाने मुक्ती देणारे, असे म्हणतात; वसंतातल्या पारोच्या उत्सवात शेवटच्या दिवशी पहाटे असे पट उलगडतात आणि ऊन पडायच्या आत गुंडाळतात. आगीनंतर पारोचे पेनलोप, म्हणजे सुभेदार, दावा पेन्जोर यांनी झोंग पुन्हा बांधला.

आग हा भूतानी वास्तूंचा जुना वैरी आहे. आत सगळे लाकूड, आणि देवापुढे अखंड लोण्याचे दिवे. खोऱ्याच्या वरच्या टोकाला, पारोपासून सुमारे १४ किलोमीटरवर, १६४४ च्या तिबेटी-मंगोल स्वारीवरील विजयाची आठवण म्हणून १६४९ मध्ये ड्रुकग्येल झोंग बांधला गेला. शत्रूला खोट्या दारातून बंदिस्त चौकात ओढून कोंडण्याची सोय तिथे होती असे सांगतात. गोमुखी दरवाजा पाहिलेल्या माणसाला या युक्तीचे कौतुक वाटेल. तो झोंग १९५१ मध्ये जळाला, आणि निमित्त एका लोण्याच्या दिव्याचे झाल्याचे सांगितले जाते. ताक्त्सांगचा कड्यावरचा मठ एप्रिल १९९८ मध्ये जळाला आणि २००५ पर्यंत पुन्हा उभा राहिला. पारोबाहेरचे उदाहरण हवे असेल तर वांगद्यू फोद्रांग झोंग २०१२ मध्ये जळाला. भारत सरकारच्या साहाय्याने तो पुन्हा बांधून २०२२ मध्ये त्याची वास्तुशांत झाली. आता अनेक देवळांत दिव्यांसाठी बाहेर, काचेच्या खिडक्यांची वेगळी खोली असते. पितळी वाट्यांच्या रांगा, काजळलेले छत आणि लोण्याचा जड वास असलेली ती छोटी खोली मुद्दाम डोकावून पाहावी; इतक्या आगींतून मिळालेला धडा तिथे विटांत बांधलेला आहे.

मग या वास्तूंना जुने म्हणावे का? आपण रोजच्या घरातले उदाहरण घेऊ. दही रोज नवे असते, दूध रोज वेगळे असते, भांडेही दर काही वर्षांनी बदलते. परंतु विरजण कालच्या दह्याचे असते, आणि तेही परवाच्या. आजीच्या काळापासून चालत आलेले विरजण घरात आहे असे म्हणताना कोणी खोटे बोलत नाही. झोंगाचे तसे आहे. लाकूड नवे असेल, पण जागा तीच, आराखडा त्याच वळणाचा, सुतारांची विद्या गुरूकडून शिष्याकडे आलेली, आणि मुख्य म्हणजे आतले काम एका दिवसासाठीही बंद करायची कोणाची इच्छा नसलेली. वारसा म्हणजे केवळ मूळ दगड-लाकूड नव्हे, वापर, परंपरा आणि कारागिरीही त्यात मोजावी, ही भूमिका १९९४ मध्ये जपानमधील नारा येथे झालेल्या जाहीरनाम्यात आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनीही मान्य केली.

यावर एक आक्षेप लगेच येतो : मग रायगडावरचा राजवाडाही उभा करून टाकावा का? माझे मत नाही असे आहे, आणि कारण विरजणातच आहे. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला, तेव्हा पेशवे जाऊन दहा वर्षे झाली होती. ज्याला त्या दिवाणखान्यात दुसऱ्या दिवशी बसायचे होते, असा कोणी उरलाच नव्हता. दोनशे वर्षांच्या खंडानंतर वरचे मजले अंदाजाने रचले, तर ते नाटकाचा पडदा होण्याची भीती अधिक. उरलेली जोती आहेत तशी सांभाळणे हे आपल्याकडे अधिक प्रामाणिक आहे.

भूतानचेही सगळे निर्विवाद नाही. ड्रुकग्येल पासष्ट वर्षे भग्नावस्थेत होता; युवराजांच्या जन्मानिमित्त २०१६ मध्ये त्याची पुनर्बांधणी सुरू झाली. त्याच्या मागे हवा स्वच्छ असेल तर ७,३२६ मीटर उंच जोमोल्हारी शिखर दिसते, आणि काळवंडलेल्या भिंतींवर तो पांढरा डोंगर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना नवा चुना थोडा टोचतोच. मलाही इथे विरजणाचा दाखला जरा ताणल्यासारखा वाटतो.

मग भिक्षूच राज्य करतात का?

नाही. झाबद्रुंगांनी धर्माची सूत्रे ‘जे खेनपो’ या मुख्य धर्मगुरूंकडे आणि कारभाराची सूत्रे ‘देसी’ या प्रशासकाकडे अशी वाटणी केली होती. १९०७ मध्ये वंशपरंपरागत राजेशाही आली आणि २००८ पासून राज्यघटना व निवडून आलेले सरकार आहे. धर्मसंस्थांनी राजकारणापासून दूर राहावे असे घटना सांगते, आणि भिक्षूंना मतदानही करता येत नाही. म्हणजे एकाच झोंगात राहणाऱ्यांपैकी एका चौकातल्या लोकांना मत आहे, दुसऱ्या चौकातल्यांना नाही.

रोजचे बाराशे रुपये कशाचे?

पूर्वी भारतीय पर्यटकाला भूतानात असे शुल्क नव्हते. कोविडनंतर सप्टेंबर २०२२ मध्ये सीमा उघडल्या, तेव्हापासून प्रत्येक मुक्कामाच्या रात्रीसाठी माणशी १,२०० रुपये ‘शाश्वत विकास शुल्क’ भरावे लागते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मे, त्याहून लहानांना माफ. आई-वडील आणि आठ व अकरा वर्षांची दोन मुले पाच रात्री राहिली, तर मोठ्यांचे १२,००० आणि मुलांचे ६,००० असे १८,००० रुपये होतात. विमान, हॉटेल आणि काही वास्तूंचे वेगळे तिकीट यांखेरीज. काही अपवाद सोडता इतर परदेशी पाहुण्यांना हे शुल्क रात्रीला १०० डॉलर आहे, आणि त्याआधी ते २०० होते.

रक्कम खिशाला लागते हे खरे. परंतु हे शुल्क आरोग्य, शिक्षण, पायवाटा आणि पर्यावरण यांसाठी सरकारी तिजोरीत जाते, आणि गर्दी आटोक्यात ठेवणे हाही त्यामागचा उघड हेतू आहे. लोहगडावर पावसाळ्यातल्या रविवारी अडकून पडलेल्या माणसाला या हेतूबद्दल फारसे समजावावे लागणार नाही. प्रवेशासाठी व्हिसा लागत नाही, पण पारपत्र किंवा मतदार ओळखपत्र लागते. आधार कार्ड त्यासाठी चालत नाही, आणि नेमक्या याच गोष्टीवर कित्येकांची सीमेवर पंचाईत होते.

कोणत्या क्रमाने पाहावे?

पहिल्या दिवशी क्यिचू आणि रिनपुंग. रिनपुंगच्या डोक्यावर असलेला शंखाच्या आकाराचा गोल ‘ता झोंग’ हा टेहळणीचा किल्ला १६४९ चा. भिंती सुमारे अडीच मीटर जाड. पुढे पहिले राजे झालेले उग्येन वांगचुक १८७२ मध्ये इथेच कैदेत होते. १९६८ पासून तिथे राष्ट्रीय संग्रहालय आहे. सप्टेंबर २०११ च्या भूकंपात इमारतीला तडे गेल्यावर संग्रह शेजारच्या इमारतीत हलवण्यात आला होता. आधी ता झोंग पाहून मग चालत खाली रिनपुंगला उतरावे. गुडघे दुवा देतील.

दुसऱ्या दिवशी ड्रुकग्येल, आणि ताक्त्सांग शेवटी ठेवावे. गुरू पद्मसंभव आठव्या शतकात वाघिणीवर बसून इथल्या गुहेत आले अशी श्रद्धा आहे. मठ १६९२ चा. तो ३,१२० मीटरवर, म्हणजे पारोहून सुमारे ९०० मीटर वर आहे. कळसूबाई १,६४६ मीटर. आपण हरिश्चंद्रगड सहज चढतो म्हणून पहिल्याच सकाळी इकडे निघणारा माणूस दम लागून अर्ध्या वाटेवरच्या उपाहारगृहात बसलेला हमखास दिसतो. चढ कठीण नाही, हवा विरळ आहे. निम्म्या उंचीपर्यंत तट्टू मिळते. शेवटी मठ समोर हाताच्या अंतरावर दिसतो आणि वाट मात्र दरीत उतरते, धबधब्याजवळून जाते आणि पुन्हा शेकडो पायऱ्या चढते, तेव्हा पाण्याची बाटली आधीच संपवू नये. दाराशी पिशवी, कॅमेरा आणि मोबाइल जमा करून आत जावे लागते.